एखादा नियम शोधा, मॅडम

आमच्या वसतिगृहाच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला एक मोठी पाटी दिसते. वर ठळक अक्षरांत 'नियम' असं लिहिलेलं आहे आणि खाली भिंत संपेपर्यंत कलमं. नवीन पालक ती पाटी उभ्या उभ्या वाचतात, एकदा मुलीकडे बघतात आणि समाधानानं मान हलवतात. मुली ती पहिल्या दिवशी वाचतात आणि पावसाळा लागला की तिच्याखालच्या खिळ्यांना ओल्या छत्र्या अडकवतात. त्या पाटीवरची निम्मी कलमं मुळात नियमच नाहीत, हे मात्र इतक्या वर्षांत फारसं कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक. लोक 'रेक्टर मॅडम' म्हणतात. माहेर औशाचं, पहिली नोकरी नांदेडला आणि आता बरीच वर्षं लातूरला. लातूरला मुली येतात त्या डॉक्टर व्हायला. अकरावी-बारावी इथे करतात, प्रवेश परीक्षा देतात, पहिल्या खेपेला नंबर लागला नाही तर आणखी एक वर्ष राहून पुन्हा देतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, रेक्टरचं काम म्हणजे किल्ल्या सांभाळणं आणि ओरडणं. ओरडण्याचं काम फार कमी असतं. पाणी आलं का, कावीळ कुणाला झाली, दर रविवारच्या सराव परीक्षेत मार्क पडले म्हणून कोण जेवली नाही, कुणाच्या बादलीवर कुणी डल्ला मारला, हे बघता बघता दिवस जातो. मला याद्या करायची सवय आहे, म्हणून तो नीट जातो.

याद्या करणाऱ्या माणसाला एक खोड असते. एका यादीत दोन जातीच्या गोष्टी आलेल्या त्याला खपत नाहीत. पाटीकडे बघताना माझं तेच होतं. 'बादलीवर नाव लिहावे' ही सूचना झाली. 'वडीलधाऱ्यांचा मान राखावा' ही अपेक्षा. 'अन्न वाया घालवू नये' हे तत्त्व. एखादीनं पानात भात टाकला तर मी काय करणार, पोलिसांत देणार? आणि 'न्हाणीघराच्या भिंतीवर रसायनशास्त्राची सूत्रे लिहू नयेत' हा अस्सल नियम. त्यामागे एक मुलगी आहे. तिनं अंघोळीचा वेळ वाया जाऊ नये म्हणून पेन्सिलीनं फरशी-फरशीवर सूत्रं लिहून काढली होती. सगळी भिंत तिलाच घासायला लावली. ती आता डॉक्टर आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, मॅडम, अजून एखादं सूत्र आठवायचं झालं की आधी नळ आठवतो.

माझी कसोटी साधी आहे. ज्याच्यापुढे 'नाहीतर' लावता येतं तो नियम. गेट अमुक वाजता बंद, नाहीतर घरी फोन. 'नाहीतर' लावता येत नसेल तर ते दुसरं काहीतरी आहे आणि ते पाटीवर नसलेलंच बरं.

हे मला नांदेडच्या पहिल्या वसतिगृहात कळलं. तिथे पाटी नव्हती. माझ्या आधीच्या अधीक्षकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्या मुलींना एवढंच सांगायच्या, दिवेलागणीला घरात. मुली यायच्याही. मी कामावर रुजू झाले त्या वर्षी देगलूरकडची एक मुलगी आली. घरी तेलुगू बोलणारी, मराठी चांगलं पण मोजकं. तिनं मला सरळ विचारलं, "मॅडम, दिवेलागण म्हणजे किती वाजता?" मला प्रश्न एकदम पटला. मी कागदावर लिहून दाराला लावलं, 'सायंकाळी सात'. त्याआधी मुली ऊन उतरलं की निघायच्या, कुणी पाचला, कुणी साडेसहाला. कागद लागल्यापासून गेटवर सात वाजायच्या तोंडावर जत्रा. चपला हातात घेऊन पळत यायच्या. मोठ्या बाई निवृत्त झाल्यावर एकदा संध्याकाळी भेटायला आल्या होत्या. ती पळापळ त्यांनी बघितली. चहा संपवला आणि जाता जाता म्हणाल्या, "आधी त्या घरी यायच्या. आता वेळेवर येतात."

ते वाक्य मी विसरलेले नाही. तरी घड्याळातली वेळ बदलून पुन्हा दिवेलागण केली नाही. एकदा लिहिलेलं पुसलं तर मुली त्याचा वेगळाच अर्थ लावतात.

लातूरला आल्यावर पायंड्याची ओळख झाली. हिमायतनगरची एक मुलगी होती, घशाचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी दिवसभर कोमट पाणी प्यायला सांगितलेलं. खोलीत विजेची किटली वापरायला आमच्याकडे मनाई, पण मी तिला परवानगी दिली. गेटवर आमचे महेबूबचाचा बसतात. तेही औशाचेच, घरी शिलाईचा धंदा, म्हातारपणी बसल्या जागेची नोकरी हवी म्हणून इथे आलेले. त्यांनी मला लगेच टोकलं, "मॅडम, एकीला दिली की दस्तूर पडतो." मी म्हटलं, चाचा, हा अपवाद आहे. त्यांनी मान डोलावली. महिन्याभरात अख्ख्या मजल्याचे घसे बसले. रोज एक नवी किटली पिशवीतून वर जायची आणि चाचा मला लांबूनच बोटांवर आकडा मोजून दाखवायचे. एका रविवारी, सराव परीक्षेला निघायच्या घाईत, सगळी वीज गेली. मग प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचं एक मोठं भांडं बसवून घेतलं. तेव्हापासून मी अपवाद करत नाही. एकीची अडचण खरी असेल तर सगळ्यांना पुरेल अशी सोय करते. काम वाढतं, पण भांडण राहत नाही.

चाचांचा आणि मुलींचा शब्दांवरून वाद चालायचा. मी नोटीस लावली की मुली म्हणायच्या, चाचा, मॅडमचा फतवा निघाला. चाचांना ते खपत नसे. "फतवा मुफ्ती देतात. तुमची मॅडम काय मुफ्ती हाय का? हे नुसतं फर्मान हाय." मग मुली विचारणार, फर्मान मोडलं तर काय होतं? चाचा म्हणणार, "बादशहा असला तर मुंडकं जातं. मॅडम असल्या तर बापाला फोन जातो." मुलींच्या मते मुंडकं परवडलं.

आमचे सचिव सर एकदा कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आले आणि म्हणाले, नियम हा शब्द आता जुना झाला, आपण आचारसंहिता करू. मी केली. मुलींनी विचारलं, यात नवीन काय? मी खरं सांगितलं, नाव. पुढच्या वर्षी त्यांना 'मार्गदर्शक तत्त्वे' हवी झाली. त्यावर एका मुलीनं सभेत हात वर करून विचारलं, म्हणजे पाळली नाहीत तरी चालतात ती का? सचिव सर माझ्याकडे बघू लागले. मी पाण्याची बाटली शोधू लागले. पाटीवर पुन्हा 'नियम' आलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. एकदा मात्र हे सगळे शब्द एकाच दुपारी माझ्या टेबलावर येऊन उभे राहिले, आणि त्यातला एकही माझ्या बाजूनं बोलेना.

रेणुका ही देगलूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी. घरची शेती बरी, माणसं मानाची. पहिल्या खेपेला तिचा नंबर थोडक्यात हुकला होता आणि दुसऱ्या खेपेसाठी ती आमच्याकडे राहिली होती. घरात सगळे नको म्हणत असताना हे वर्ष वडिलांनीच दिलं होतं, हे तिनं मला पहिल्या आठवड्यात सांगितलेलं. त्या वडिलांना, बालाजीरावांना, मी दोन-तीनदा पाहिलं होतं. उंच, पांढरा शर्ट, एका गुडघ्यानं अधू. बोलायला रोखठोक.

परीक्षा काही आठवड्यांवर आली असताना ते एका दुपारी न कळवता आले. गाडी बाहेर उभी होती. माझ्या ऑफिसात बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "रेणुकाला दोन रोजासाठी नेऊन राहिलो मॅडम. घरी कार्यक्रम हाय."

मी विचारलं, कसला. त्यांनी लपवलं नाही. स्थळ आलं होतं. मुलगा निलंग्याला मास्तर, सोयरिकीतलाच. पाहुणे बघायला येणार, पसंत पडली की लगेच सुपारी फोडून घेणार. लग्न काय आताच नाही, सावकाश करू. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर बघता येणार नाही का? ते म्हणाले, "परीक्षा पळून जायली का? स्थळ मात्र पळून जातंय. आमचे भाऊ म्हणून राहिले, तू एक वर्ष ऐकलं नाहीस, आता आमचं ऐक."

ही गोष्ट बाहेरच्यांना नीट कळावी म्हणून सांगते. दोन दिवसांसाठी सुपारी फोडायला गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या परत येतात, पण सामान न्यायला. कुणी डांबून ठेवत नाही. सासरकडचे म्हणतात, कशाला आता एवढी दगदग. घरचे म्हणतात, बरोबर आहे. मुलगी पुस्तकं खोक्यात भरते. आदल्या वर्षी अशी एक गेली होती. तिचं खोकं मीच दोरीनं बांधून दिलं होतं.

बालाजीराव रजेचा अर्ज लिहायला चाचांच्या टेबलाशी गेले. तेवढ्यात रेणुका निरोप मिळून खाली आली. वडील का आलेत हे तिला आईच्या फोनवरून सकाळीच कळलं होतं. ती दारातच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "एखादा नियम शोधा ना, मॅडम."

मी म्हटलं, तूच सांग त्यांना.

"मला आप्पांना न्हाई म्हणता येत न्हाई. त्यांनी माझ्यासाठी सगळ्यांशी वाकडं घेतलंय. तुम्ही नियमात बसत न्हाई म्हणा. नियमाला ते काही म्हणणार न्हाईत."

इतक्या वर्षांत मुलींनी माझ्याकडे नियम सैल करायलाच सांगितलं होतं. नियम असावा म्हणून हात जोडणारी ही पहिलीच.

मी शोधला. मनातल्या मनात पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. सराव परीक्षांच्या काळात रजा मिळणार नाही, पालकांचा लेखी अर्ज असल्यास मिळेल. अर्ज दाराबाहेर लिहिला जात होता. मुलीला कोण नेऊ शकतं, तर वडील. वडीलच आले होते. कायदा आठवून पाहिला. रेणुकाला अठरा पूर्ण व्हायला काही महिने होते, पण बघण्याच्या कार्यक्रमाला आणि सुपारीला कायदा हात लावत नाही, निदान मला माहीत होता तेवढा तरी. सचिव सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पालकांना दुखवायचं नाही हे आपलं धोरण आहे." रिवाज तर सगळाच्या सगळा बालाजीरावांकडे होता.

राहिलं माझं तत्त्व. ते असं होतं की घर आणि मुलगी यांच्यामध्ये मी पडायचं नाही. आईबाप विश्वासानं मुलगी ठेवून जातात. रेक्टर घरातल्या गोष्टींत बोलू लागली तर पुढच्या वर्षी ते मुलीला शिकायलाच पाठवणार नाहीत, एकीपायी दहा मुली घरी बसतील. ते तत्त्व मी नांदेडपासून सांभाळलं होतं, आणि आजही ते चुकीचं होतं असं मला वाटत नाही. फक्त त्या दुपारी ते फार जड झालं.

बालाजीराव अर्ज घेऊन आले. मी तो हातात घेतला. सही करायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या कौसाबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "पाव्हण्याला घेऊन या. पान वाढलंय."

त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. आमच्याकडे जेवणाच्या वेळेला आलेला पालक जेवल्याशिवाय जात नाही. हे पाटीवर नाही, कुणी ठरवलेलं नाही. लांबून एसटीनं येणारी माणसं तशीच परत जातात हे कौसाबाईंना बघवेना, म्हणून त्यांनी सुरू केलं आणि तशी रीत पडली. ज्या मुलीचा पाहुणा तिनं वाढायचं, पाहुण्यानं मुलींच्याच पंगतीला बसायचं, ताट आपलं आपण धुवायचं.

बालाजीराव म्हणाले, "न्हाई बाई, उशीर होऊन राहिला."

"होऊ द्या. आमच्या दारातून उपाशी कुणी जात न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. "तुमच्या गावाकडं जात असतील तर माहीत न्हाई."

असं म्हटल्यावर मराठवाड्यातला कुठलाच माणूस उभा राहत नाही. बालाजीराव चपला काढून आत गेले. मीही गेले. अर्ज टेबलावर पेपरवेटखाली ठेवला. जेवता जेवता त्यांच्याशी बोलायचं असं ठरवून मी मनात मुद्दे लावले. एक, पोरीला थोडेच मार्क कमी पडले होते. दोन, मास्तर स्थळ आहे, शिकलेल्या मुलीसाठी थांबेल. तीन, तुम्ही एवढं वर्ष दिलंत, आता महिन्यासाठी का मागे सरता. तत्त्वाला धक्का न लावता एवढं बोलता आलं असतं, असं मला वाटत होतं.

जेवणाच्या हॉलमध्ये सतरंज्यांच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात. बालाजीराव भिंतीशी बसले. गुडघा धरतो म्हणून एक पाय लांब करून. रेणुकानं भाकरी, शेपूची भाजी, वरण, ठेचा वाढला. तीही क्लासच्या गणवेशातच होती. मी समोर बसले आणि पहिला मुद्दा काढणार एवढ्यात दुपारच्या तासाहून मुली आल्या.

आता इथे मुलींचा आपसातला एक संकेत सांगायला हवा. परीक्षा जवळ आली की जेवायला आलेल्या कुठल्याही पालकाच्या पाया पडायचं. केव्हातरी एका मुलीचे वडील निरोप द्यायला येऊ शकले नव्हते, म्हणून ती दुसरीच्या वडिलांच्या पाया पडून गेली आणि तिचा नंबर लागला. तेव्हापासून हे सुरू झालं. मी एक-दोनदा समजावून पाहिलं की अभ्यासानं नंबर लागतो. त्या 'हो मॅडम' म्हणाल्या आणि पाया पडत राहिल्या. संकेतापुढे रेक्टरचं काही चालत नाही, कारण तो कुणी लिहिलेला नसतो.

पहिली मुलगी आली, वाकली, म्हणाली, "काका, आशीर्वाद द्या. पेपर आहे." बालाजीराव अवघडले. उजवा हात भाकरीत, डावा वर केला आणि म्हणाले, "नंबर लागू दे बाई तुझा. कुण्या गावची?" ती म्हणाली, मुखेडची. "चांगलं चांगलं." दुसरी आली. तिसरी आली. रांग लागली. बालाजीराव रंगले. नंबर लागू दे, मोठी डॉक्टर हो, कुण्या गावची? एकीचं गाव त्यांच्या बहिणीच्या सासरचं निघालं, तिला दोन वाक्यं जास्त मिळाली. कौसाबाईंनी पानात आणखी एक भाकरी टाकली. माझा पहिला मुद्दा तोंडातच राहिला. पुढे पुढे ते वर बघेनासे झाले. खाली वाकलेलं डोकं दिसलं की डावा हात वर, तोंडात घास, आणि आशीर्वाद. क्लासचा एकच निळा गणवेश, तेल लावून घातलेल्या सारख्या वेण्या. कोण कुणाची ते ओळखायचं तरी कसं?

शेवटचं डोकं वाकलं. बालाजीराव ठेच्याला बोट लावत म्हणाले, "नंबर लागू दे बाई तुझा. मोठी डॉक्टर हो. कुण्या गावची?"

"आपल्याच, आप्पा."

हॉलमध्ये हशा पिकला. मुलींना वाटलं, गंमत झाली. रेणुका वाकलेलीच होती. बालाजीरावांनी हातातला घास पानात ठेवला.

"हे कुणी शिकवलं तुला?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे मला सरळ त्यांच्याकडे बघता आलं.

उत्तर कौसाबाईंनी दिलं. त्या कुणाकडून काय कळून घेतात मला माहीत नाही, पण तोपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. "पाव्हणं, पानावर बसून दिलाय आशीर्वाद. एवढ्या पोरींनी ऐकलाय. आता माघारी घेता का?"

"मी कुठं माघारी घेऊन राहिलो?" बालाजीराव चिडून म्हणाले. मग रेणुकाला म्हणाले, "ऊठ. ताक आण."

ते पूर्ण जेवले. ताट स्वतः धुतलं, चूळ भरली आणि अंगणात जाऊन फोन लावला. फोनवर हळू बोलायची सवय त्यांना नव्हती. भावाला सांगत होते की पाहुण्यांना निरोप द्या, परीक्षा झाल्यावर बघू. पलीकडून बरंच काही विचारलं जात असावं. "न्हाई, पोरगी आजारी न्हाई... मॅडम काय म्हणतील, मॅडम काही म्हणल्या न्हाईत... मीच जेवता जेवता बोलून बसलो."

जाताना अर्ज परत मागून घेतला आणि घडी करून खिशात घातला. गेटवर मला म्हणाले, "पोरीला सांगा मॅडम, माणूस जेवत असताना पाया पडत जाऊ नको." चाचांनी गेट उघडलं. गाडी गेली. मी रेणुकाला विचारलं, मुद्दाम केलंस का? ती म्हणाली, "सगळ्या पडत होत्या मॅडम, मी एकटी कशी मागं राहणार?" तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखता आलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

पुढे सचिव सरांच्या कानावर हे गेलं. ते खूश झाले. म्हणाले, पालकांना जेवू घालण्याची ही पद्धत फार चांगली आहे, ती नियमांत घालू. मी नको म्हटलं. नियम केला की लोक विचारतील, नाही जेवलं तर काय? आणि मग कौसाबाईंना त्याला 'नाहीतर' शोधावं लागेल. सचिव सरांच्या जागी नांदेडच्या मोठ्या बाई असत्या तर त्यांना मला एवढंही समजावून सांगावं लागलं नसतं.

रेणुकानं परीक्षा दिली. एमबीबीएसला नंबर लागला नाही, आयुर्वेदाला लागला. मास्तर थांबला नाही. तिचा निकाल लागायच्या आत त्याचं दुसरीकडे ठरलं. चुलत्यांनी बालाजीरावांशी बोलणं टाकलं आणि ते अजून नीट सुरू झालेलं नाही. हे सगळं एका आशीर्वादापायी. चांगलं झालं का, असं मला कुणी विचारलं तर मी 'रेणुकाला विचारा' म्हणते. तिचं उत्तर मला माहीत आहे, तिच्या चुलत्यांचंही आहे.

तिचं सामान न्यायला बालाजीराव आले तेव्हा जुलै लागला होता आणि नव्या मुलींची गर्दी होती. दुपारचीच वेळ. त्यांना या वेळी कुणी आग्रह करावा लागला नाही, चपला काढून सरळ हॉलमध्ये गेले. बसले ते दोन्ही पाय पोटाशी ओढून, घट्ट मांडी घालून. कौसाबाई म्हणाल्या, "पाय मोकळा करा की. गुडघा धरंल."

"धरू द्या. तुमच्या पोरींचा भरवसा न्हाई."

मी समोर बसले. त्यांनी भाकरी वरणात कुस्करली. मग म्हणाले, "स्थळ चांगलं होतं, मॅडम." मी म्हटलं, हो, चांगलं होतं.

तेवढ्यात नव्या मुलींमधली एक, जिला अजून परीक्षेला दोन वर्षं होती आणि इथलं काहीच माहीत नव्हतं, कुणाचंतरी ऐकून आली आणि त्यांच्यासमोर वाकली. बालाजीरावांनी हात वर केला नाही. तिची हनुवटी धरून चेहरा वर केला, नीट बघितला, कुण्या गावची ते विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, घरी कोण कोण आहे तेही विचारून घेतलं. आणि मग आशीर्वाद दिला.